शेऱ्याचा रकाना

जयमाला तांबेला आमच्या वाचनालयातून काढलं त्याला येत्या फेब्रुवारीत वर्ष होईल, आणि माझा राग अजून उतरलेला नाही. घरचे म्हणतात, पासष्टीत एवढं तापू नये, रक्तदाब वाढतो. वाढू दे. ज्यांचा वाढायला हवा त्यांचा वाढत नाही, म्हणून माझा वाढतो.

वाचनालय म्हणजे काही मोठा वाडा नव्हे. चौलच्या बागांमधून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्या, एक पडवी आणि बाहेर सायकली लावायला आंब्याची सावली. जयमाला तिथे सोळा वर्षं ग्रंथपाल होती. बौद्धवाडीतल्या रत्नपाल गुरुजींची ती थोरली मुलगी. गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले. त्या घरात भिंतीला पहिलं कपाट लागलं ते पुस्तकांचं, भांड्यांचं नंतर. जयमालाची एक गमतीची सवय होती. परत आलेलं पुस्तक उघडून ती आधी वास घ्यायची आणि सांगायची, "हे मधल्या दोन घरांना फिरून आलंय, ताई. ज्यांनी नेलं त्यांच्याकडे सुकट तळत नाहीत." आणि ते खरं असायचं.

मी नूतन पाटकर. टपालखात्यात चौतीस वर्षं काढली, शेवटची आठ रेवदंड्याच्या पोस्टात. निवृत्त झाल्यावर वाचनालयाच्या समितीवर एक बाई हवी म्हणून मला घेतलं. माझं अक्षर चांगलं म्हणून पुस्तकांची दाखल नोंदवही माझ्याकडे दिली. नवीन आलेलं प्रत्येक पुस्तक त्या जाड वहीत चढतं: क्रमांक, तारीख, नाव, लेखक, वर्ग, आणि सगळ्यात उजवीकडे शेऱ्याचा रकाना. या वहीवर माझा फार जीव. चौतीस वर्षांत माझ्या कुठल्याही रजिस्टरात एक खाडाखोड नाही, हे मी येईल त्याला सांगायची. आता सांगत नाही.

२०२०च्या जूनमधल्या वादळात बागांमधल्या निम्म्या सुपाऱ्या आडव्या झाल्या आणि वाचनालयाचे पत्रे शेजारच्या विहिरीत सापडले. आठशेच्या वर पुस्तकं भिजली. आमचे अध्यक्ष भागोजीशेठ, ज्यांचे बारा ट्रक पेणपासून न्हावाशेव्यापर्यंत धावतात, ते आले, दारातूनच बघितलं आणि म्हणाले, "टाकून द्या सगला. लगदा झालाय." जयमालाने एकही टाकलं नाही. पण भिजलेलं पुस्तक वाळवायचं कसं, हे तिला तरी कुठे माहीत होतं? गावात वीज नव्हती, रेंज नव्हती. रेवदंड्याच्या पुलावर थोडी रेंज मिळते असं कळल्यावर ती पुलावर जाऊन उभी राहिली आणि मोबाईलवर शोधलं.

तिथे तिला सांगलीच्या एका औषधदुकानदाराचा ब्लॉग सापडला. आदल्या वर्षीच्या पुरात त्याच्या घरची पुस्तकं भिजली होती. पानांमध्ये कोरे कागद कसे घालायचे, पुस्तक उभं कसं ठेवायचं, उन्हात का नाही आणि वाऱ्यावर का, हे सगळं त्याने सविस्तर लिहिलं होतं. आणि त्याच लेखाच्या खाली त्याने वाळवलेल्या एका कादंबरीबद्दल लिहिलं होतं. सगळी जमीन पाण्याखाली गेलेल्या जगाची कादंबरी. जयमाला सांगायची, "ताई, मी आले होते पुस्तकं वाळवायला, आणि पुलावर उभी राहून तासभर ते बुडालेलं जगच वाचत बसले."

पुस्तकं वाळली, आठशेंतली सातशे तरी वाचली. आणि जयमालाला ब्लॉगांचं वेड लागलं. सांगलीवाल्याच्या पानावरून दुसऱ्याचा पत्ता मिळाला, दुसऱ्यावरून तिसऱ्याचा. आसामातली एक मुलगी इंग्रजीत लिहायची, नागपूरचा एक जण नाव न सांगता लिहायचा आणि कुणालाच सोडायचा नाही. सगळे विज्ञानकादंबऱ्यांवर आणि अद्भुत कादंबऱ्यांवर. मंगळावरची वस्ती, बोलणारी अरण्यं, मेलेल्या राजांची बंदरं. मी म्हटलं, हे काय पोरखेळ? तर म्हणाली, "पेपरात या पुस्तकांवर कुणी ओळसुद्धा लिहीत नाही. ही माणसं लिहितात, पदरचा वेळ घालून. त्यांनी सांगितलं नसतं तर ही पुस्तकं छापलीत हेच आपल्याला कळलं नसतं." आणि हे खरंच होतं. आमची खरेदी कशी व्हायची? वितरक गठ्ठा पाठवायचा, आम्ही घ्यायचो. त्यात पाककृती, वजन कमी करायचे उपाय आणि तीच ती चरित्रं.

तिची निवडायची रीत मात्र पोरखेळ नव्हती. एकट्या ब्लॉगवर ती विसंबायची नाही. निदान दोघांनी चांगलं म्हटलेलं हवं, आणि त्यातल्या एकाने तरी दोष दाखवलेला हवा. "ज्याला सगळंच आवडतं, ताई, त्याने वाचलेलं नसतं," असं तिचं मत. मग प्रकाशकाने नेटवर दिलेली पहिली वीसेक पानं वाचायची, वहीत टिपण करायची आणि शेवटी एक ओळ लिहायची: आपल्या गावात कोण वाचेल. नुसतं 'चालेल' नाही. नावानिशी. 'रंगू वाचेल.' 'चुंबळे वहिनी वाचतील, पण शेवट आवडणार नाही.' खरेदीच्या यादीत दरवर्षी आठ-नऊ पुस्तकं तिची म्हणून घ्यायची, एवढं तिने समितीकडून भांडून मिळवलं. तीन वर्षांत सत्तावीस कादंबऱ्या आल्या.

आता माझं पाप. पहिलं पार्सल आलं त्या दिवशी जयमाला आजारी होती. मी वही उघडून बसले. पोस्टातली माझी सवय अशी की पाकीट उघडायचं नाही, पत्ता वाचायचा आणि त्या खणात टाकायचं. पुस्तकांचंही मी तेच केलं. 'मंगळावरचं मीठ' असं नाव वाचलं, वर्ग लिहिला विज्ञान. 'बुडालेल्या बंदराचे रखवालदार' दिसलं, मनात म्हटलं, आपल्या चौलसारखं जुनं बंदर असणार, वर्ग लिहिला इतिहास. एकही पुस्तक उघडून बघितलं नाही. पुढच्या पार्सलांनाही आधीच्यासारखंच लावत गेले. सत्तावीसच्या सत्तावीस विज्ञान नाहीतर इतिहास.

यात काय बिघडलं? आमच्याकडे विज्ञान आणि इतिहास हे संदर्भाच्या काचेच्या कपाटात जातात. वीस वर्षांपूर्वी ज्ञानकोशाचा एक खंड कुणीतरी घरी नेला तो परत आलाच नाही, तेव्हापासून ठराव आहे की त्या कपाटातलं पुस्तक घरी द्यायचं नाही, तिथेच बसून वाचायचं. चारशे पानांची कादंबरी तिथेच बसून कोण वाचणार? आमच्या लाकडी बाकावर पाऊण तासाच्या वर कुणाची कंबर टिकत नाही.

त्या पहिल्या पार्सलानंतर, बरी झाल्यावर, जयमाला माझ्याकडे आली होती. मी नोंदवही उघडून दिली. ती म्हणाली, "ताई, या कादंबऱ्या आहेत. कपाटात गेल्या तर मेल्या."

"माझ्या वहीत खाडाखोड चालत नाही, जयमाला. तपासणीला अडचण येते."

"खाडाखोड नको, ताई. इथे..." असं म्हणून तिने पानाच्या उजव्या कडेला बोट ठेवलं. पुढे ती काय म्हणणार होती ते मी ऐकून घेतलं नाही. चौतीस वर्षांचा तोरा होता माझा. मी वही मिटली.

त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही. कपाटाची चावी तिच्याकडे असायची. तिने एक लाल पुठ्ठ्याची वही आणली आणि पुस्तकं द्यायला सुरुवात केली. सरकारी देवघेवीच्या रजिस्टरात लिहिता येईना, म्हणून लाल वहीत. कुणी नेलं, कधी नेलं, कधी परत आलं, आणि परत देताना काय म्हणालं.

रंगूचंच घ्या. रंगू रेवदंडा-अलिबाग मिनीडोर चालवतो. ही मोठी रिक्षा सगळी सीटं भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे थांब्यावर त्याचा दिवसातला बराच वेळ नुसता वाट बघण्यात जातो. आधी तो मोबाईलवर क्रिकेट बघायचा. जयमालाने त्याला 'मंगळावरचं मीठ' दिलं. आठ दिवसांनी परत आणून तो म्हणाला, "मस्त हाय. पन या लेखकानं मिठागर कधी बगितला न्हाय. माझं मामा उरणला मिठागरावर होतं. असा बांध घातला तर पयल्या उधाणाला फुटंल, मंगळ असू दे न्हायतर काय." जयमालाने हे जसंच्या तसं लिहून घेतलं आणि सांगलीच्या ब्लॉगवर त्या पुस्तकाखाली टाकलं. तिथे दोन दिवस चर्चा चालली. शेवटी स्वतः लेखकाने उत्तर दिलं की रंगूभाऊंचं बरोबर आहे, पुढच्या आवृत्तीत बांध बदलतो. रंगूने ते अलिबागपर्यंत प्रत्येक प्रवाशाला वाचून दाखवलं. त्यानंतर थांब्यावरचे आणखी चार मिनीडोरवाले वाचनालयाची पायरी चढले. सोळा वर्षांत जे झालं नव्हतं ते एका मिठागराने केलं.

आणि आमच्या समितीला यातलं काय दिसलं? काही नाही. समिती रजिस्टर बघते, माणसं बघत नाही.

गेल्या वर्षी गावच्या क्रिकेट संघाने टेनिस चेंडूच्या तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या. चषक एवढे झाले की भागोजीशेठांच्या ओट्यावर मावेनात. शेठांना काचेचं कपाट आठवलं. सभा बोलावली. देवघेवीचं रजिस्टर आणि दाखल नोंदवही टेबलावर ठेवून म्हणाले, "ही सत्तावीस पुस्तका बगा. तीन वर्सांत एक सही न्हाय. कोनी हात लावला न्हाय. निर्लेखन करा, रद्दीत घाला, आनि कपाट मोकला करा. पोरांनी घाम गाललाय, चषक धूल खात पडलंत."

पुस्तकं धूळ खात होती असं नव्हतं. पण ते सिद्ध करायला एकच कागद होता, आणि तो दाखवला तर दाखवणारीची नोकरी जाणार, हे त्या खोलीत दोघींना माहीत होतं. एक जयमाला आणि दुसरी मी. मला वाटलं ती गप्प बसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी तिच्या जागी असते तर गप्प बसले असते, आणि मी तिच्या जागी नव्हते तरी गप्पच बसले.

जयमालाने पिशवीतून लाल वही काढून टेबलावर ठेवली. "सत्तावीस पुस्तकं, दोनशे चौदा वेळा घरी गेली. एकही हरवलेलं नाही. मोजून घ्या."

शेठांनी पानं उलटली. ते वाईट माणूस नाहीत, पण त्यांच्या ट्रकचा चालक न विचारता गाडी वळवतो तेव्हा ते जसे बघतात तसे ते बघायला लागले. "म्हंजे कपाटातली पुस्तका तुमी लोकांना घरी दिलीत? ठराव हाय ना? इज्ञान-इतिहासाची पुस्तका घरी द्यायची न्हाईत."

"ती विज्ञानाची नाहीत, इतिहासाचीही नाहीत. कादंबऱ्या आहेत."

"रजिस्टरात काय लिव्हलंय?"

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. फक्त एकदा. मग म्हणाली, "विज्ञान, नाहीतर इतिहास."

कुणी लिहिलंय, हे ती बोलली नाही. मी समोर दोन हातांवर बसले होते. माझ्या त्या देखण्या अक्षरातली वही टेबलावर उघडी होती. 'चूक माझी आहे' एवढे तीन शब्द म्हणायला किती वेळ लागतो? मी पाणी प्यायले.

दोन ठराव झाले. पहिला, दोनशे चौदा वेळा गेलेली पुस्तकं रद्दीत घालता येत नाहीत, सबब ती ठेवावीत. दुसरा, नियमभंग केल्याबद्दल ग्रंथपालांना कामावरून कमी करावं. एकाच वहीने पुस्तकं वाचवली आणि तिनेच जयमालाला घालवलं. दुसऱ्या ठरावाला मी हात वर केला नाही, विरोधातही केला नाही. इतिवृत्तात माझ्या नावापुढे 'तटस्थ' लिहिलंय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर तटस्थ बसला होता.

पुढचं ऐकलंत तर तुमचाही रक्तदाब वाढेल. शेठांना कुणीतरी सुचवलं की एवढी वाचली जाणारी पुस्तकं आहेत तर त्यांचा वेगळा विभाग करावा. लगेच फीत आली, नारळ आला. 'विज्ञान व अद्भुत कादंबरी विभाग, संकल्पना: भागोजीशेठ' अशी पाटी लागली. पेपरात फोटो आला, शेठांच्या हातात बुडालेल्या बंदराचं पुस्तक. उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी त्यातलाच एक उतारा चौलचा खरा इतिहास म्हणून वाचून दाखवला, आणि मेलेले रखवालदार धक्क्यावर पहारा देतात या वाक्याला टाळ्याही पडल्या. वहीत वर्ग इतिहास लिहिला होता ना मी. जयमालाच्या जागी शेठांचा पुतण्या चिराग आला. पोरगा गुणी आहे, त्याचा दोष नाही, पण आयत्या बिळावर नागोबा म्हणजे काय ते आमच्या गावाला वेगळं शिकवायची गरज उरली नाही.

जयमाला दिवेआगरला गेली. तिथे एका घरगुती निवासाचं आरक्षणाचं काम बघते. वाडीत सुपारीच्या नव्या रोपांमध्ये बसून फोन घेते, असं रंगूने सांगितलं. त्यानेच सांगितलं की ती आता स्वतः ब्लॉग लिहिते. नाव नाही, फोटो नाही, गावाचा पत्ता नाही. ब्लॉगला नाव दिलंय 'लाल वही'. मी मोबाईलवर उघडून बघितला. नवीन आलेल्या कादंबऱ्या, त्यांचे गुण, त्यांचे दोष, आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी एक ओळ: हे कोण वाचेल. 'जिची कंबर दुखते पण डोळे शाबूत आहेत, तिने वाचावं.' तीन पानं वाचेपर्यंत मला खात्री पटली की हे तिचंच, आणि त्या रात्रीपासून मी पासष्टाव्या वर्षी मंगळावर जायला लागले.

यंदा जानेवारीत खरेदीची सभा झाली. चिरागने चौदा कादंबऱ्यांची यादी वाचली. शेठ खूश झाले. "कशी काढलीस?"

"नेटवर एक ब्लॉग हाय, काका. 'लाल वही'. लय भारी लिव्हतात. कोन हाय ते माहीत न्हाय."

"जो कोन आसंल त्याला बोलवा एकदा. सत्कार करू."

मी पाणी प्यायले नाही. पण बोललेही नाही, कारण बोललेलं इतिवृत्तात शेठांना हवं तसं लिहिलं जातं. मी पुस्तकं यायची वाट बघितली. ती परवा आली. मी एकेक उघडलं, मधूनमधून पानं वाचली, शेवट तेवढा सोडला. मग नोंदवही पुढ्यात घेतली. वर्गाच्या रकान्यात चौदा वेळा लिहिलं, कादंबरी. आणि उजवीकडच्या शेऱ्याच्या रकान्यात चौदा वेळा लिहिलं: निवड, जयमाला रत्नपाल तांबे. मग मागची पानं उलटली. तिथे त्या सत्तावीस पुस्तकांपुढेही शेऱ्याचा रकाना रिकामा होता. तिथेही लिहिलं: वर्गाची नोंद चुकीची, ही कादंबरी आहे, चूक नूतन पाटकर. निवड, जयमाला रत्नपाल तांबे. हात दुखला.

संध्याकाळी शेठ सही करायला आले. वाचता वाचता थांबले. "ही तांबेबाई? तो बलॉग तिचा?"

"तिचाच."

त्यांनी वर आपल्या नावाच्या पाटीकडे बघितलं. मग म्हणाले, "खोडा ते, मॅडम. गावात नसता बोभाटा."

"खाडाखोड चालत नाही, शेठ. तपासणीला अडचण येते."

त्यांनी सही केली. दुसरं काय करणार होते?

मला वाटलं, फेडलं. त्या पानांचे फोटो काढले होते, ते घरी येऊन जयमालाला पाठवले. वर्षभरात माझा तिला पहिला निरोप. खाली लिहिलं, 'उशीर झाला, पण लिहिलं.' मनात होतं, ती काहीतरी बरं म्हणेल. ताई, तुम्ही होतात म्हणून झालं, असं काहीतरी. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं उत्तर आलं.

'पाहिलं, ताई. हा रकाना त्या दिवशीही रिकामाच होता. मी त्याच्यावरच बोट ठेवलं होतं.'